दुसरी किल्ली

गेल्या वैशाखात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील नऊ वर्षांची मुलगी एकाएकी पाण्यासाठी कासावीस होऊ लागली. उन्हाळ्याचे दिवस, त्यातून सुट्टी लागल्यामुळे पोरीचे दिवसभर अंगणात हुंदडणे, तेव्हा माठ लवकर रिकामा होतो याचे प्रथम कोणालाच नवल वाटले नाही. परंतु रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठणारी, दोन घास जास्त खाऊनही गळ्याखालची हाडे दिसू लागलेली, आणि गेल्या दिवाळीचा फ्रॉक अंगाला घट्ट व्हावयाचा तो खांद्यावरून ओघळू लागलेली ती मुलगी जेव्हा एके पहाटे उलट्या करीत, खोल आणि जोराचे श्वास घेत अर्धवट शुद्धीत पडली, तेव्हासुद्धा तिला रुग्णालयात नेईपर्यंत घरच्या मंडळींची समजूत पित्त झाले अशीच होती. रक्तातील साखर मोजली ती पाचशेच्या वर निघाली. आठ दिवसांनी मुलगी घरी आली. तिच्याबरोबर इन्सुलिनची लेखणीसारखी दिसणारी दोन इंजेक्शने आली, आणि फ्रिजच्या दारात कोथिंबिरीची जुडी व दह्याचे भांडे यांच्या शेजारी त्यांनी जी जागा धरली ती कायमची धरली. त्या संध्याकाळी तिची आई आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि बराच वेळ काही न बोलता शेवटी म्हणाली, "काका, मीच हिला लहानपणापासून गोड फार दिलं का हो?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते मी तिला तेथल्या तेथे दिले. पण आपले मूल आजारी पडले असता नुसत्या नकाराने आईचे समाधान होत नाही; तिला कारण हवे असते, आणि कारण सांगणारा कोणी भेटला नाही तर ती ते स्वतःच्या पदरात शोधते. म्हणून गेले काही महिने जे वाचले, ज्यांना विचारावयाचे त्यांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

मधुमेह हे नाव एक असले तरी त्या नावाखाली निदान दोन निरनिराळे रोग नांदत असतात, ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवीन नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असे निरीक्षणही नोंदविलेले आहे. चाळिशीनंतर उद्भवणारा, वाढलेल्या पोटाशी आणि बैठ्या दिनक्रमाशी सख्य असलेला जो मधुमेह आज घरोघर आहे, त्यात शरीर इन्सुलिन निर्माण करते पण त्याचा अंमल नीट चालत नाही; उलट या मुलीला झालेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशीच नाहीशा होतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे पाहिली; या बीटा पेशींची वस्ती त्याच बेटांत असते. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे सिद्ध झाले. आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचण्यात येऊन मरणाच्या दारातून तो परत आला. ही हकिकत बहुतेकांच्या ऐकण्यातील आहे. परंतु ती बेटे ओसाड कोणी केली, या प्रश्नाला इन्सुलिन सापडल्यानंतरही चाळीस वर्षे कोणाला समाधानकारक उत्तर देता आले नव्हते.

ते उत्तर ब्रसेल्स येथील विकृतिशास्त्रज्ञ विली गेप्ट्स यांनी १९६५ साली शोधून काढले. रोग प्रकट झाल्यानंतर अल्पकाळातच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे त्यांनी जमविली, त्यांचे पातळ छेद घेऊन रंगविले, आणि अशा २२ रुग्णांपैकी १५ जणांत त्यांना एकच दृश्य दिसले. असा एक छेद मला एका स्नेह्याने सूक्ष्मदर्शकातून दाखविला, तो अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. सभोवार स्वादुपिंडाच्या पाचकरस स्रवणाऱ्या पेशींचे गडद गुलाबी रान, त्यात मध्येच फिकट, जवळजवळ पांढुरके असे बेट, आणि त्या बेटाच्या काठाशी, जोंधळ्याच्या कणसावर पाखरांची झड बसावी तशी, जांभळट-निळ्या बारीक ठिपक्यांची दाटी. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एका लसीका-पेशीचे केंद्रक. काही ठिपके बेटाच्या आत शिरलेले होते, आणि जेथे ते शिरले होते तेथे बेटाची कड विरून गेली होती. बाहेरून आलेला कोणताही जंतू तेथे नव्हता. रक्षणासाठी नेमलेल्या पेशीच आपल्या धन्याच्या कोठारावर चालून गेल्या होत्या.

या पेशींतील मुख्य म्हणजे टी-पेशी. छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या किंचित वर थायमस नावाची एक ग्रंथी असते. वयात आल्यावर ती हळूहळू आटते म्हणून आपल्या परिभाषाकारांनी तिला 'यौवनलोपी' असे अन्वर्थक नाव दिले. या ग्रंथीत टी-पेशी तयार होतात आणि तेथेच त्यांची परीक्षा होते. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर हजारो ग्राही-प्रथिने उभी असतात, आणि एका पेशीवरील ती सर्व ग्राही एकाच घडणीची, पण दुसऱ्या पेशीवरील ग्राहींहून वेगळी असतात. या ग्राहींची जनुके १९८४ साली हाती आली आणि मग कळले की निसर्ग जनुकांचे तुकडे फाशांप्रमाणे उलटसुलट टाकून ही घडण करतो. जगात उद्या कोणता विषाणू उपजेल हे आज कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, शक्य त्या सर्व आकारांचे ग्राही अगोदरच तयार ठेवावयाचे, अशी ही योजना आहे. पण आंधळेपणाने फासे टाकले म्हणजे काही दाने स्वतःवरच उलटणार हे ओघानेच आले. म्हणून थायमसमध्ये शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतील प्रथिनांचे नमुने या कोवळ्या पेशींपुढे मांडले जातात, आणि जी पेशी एखाद्या स्वकीय नमुन्याला घट्ट मिठी मारते तिला बहुधा तेथेच मरण येते. या नमुन्यांत इन्सुलिनही असते. कोणाच्या थायमसमध्ये इन्सुलिनचा नमुना किती प्रमाणात मांडला जावा हे इन्सुलिनच्या जनुकाशेजारील एका पुनरावृत्त मजकुरावर अवलंबून असते. ज्यांच्या वाट्याला तो मजकूर लांब आला त्यांच्या थायमसमध्ये नमुना दुपटी-तिपटीने अधिक असतो आणि त्यांना हा मधुमेह कमी प्रमाणात होतो. १९९७ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला राहून राहून वाटले की, जन्माआधी छातीतल्या एका ग्रंथीत इन्सुलिनचे दोन कण जास्त असते तर या पोरीच्या बोटांना आज सुया टोचाव्या लागल्या नसत्या.

टी-पेशीचा ग्राही शत्रूला उघड्या डोळ्यांनी ओळखत नाही. त्याच्यासमोर कागदपत्र रीतसर पेश व्हावे लागतात. आपल्या पेशी आपल्या आतील प्रथिनांचे लहान तुकडे करून, एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसवून, पृष्ठभागावर मांडून ठेवतात. टी-पेशी फिरता फिरता त्या खाचेवरून आपला ग्राही फिरविते आणि तुकडा आपल्या घडणीशी जुळतो का ते पाहते. ही खाच माणसामाणसांत वेगळी असते. १९८७ साली असे आढळले की, एचएलएच्या डीक्यू या प्रकारातील बीटा साखळीच्या ५७ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असले तर मधुमेहाचा धोका कमी होतो आणि त्या जागी दुसरे काही असले तर तो वाढतो. विशेष म्हणजे ओसाका येथील शिओनोगी प्रयोगशाळेत मोतीबिंदूच्या अभ्यासासाठी उंदरांची पैदास करीत असता आपोआप मधुमेह होणारा जो उंदरांचा वंश हाती लागला आणि ज्याची माहिती १९८० साली प्रसिद्ध झाली, त्या 'नॉड' उंदराच्या खाचेतही ५७ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसते. माणूस आणि उंदीर यांच्या वंशरेखा कोट्यवधी वर्षांपूर्वी अलग झाल्या, आणि तरी दोघांचे संकट एकाच खाचेतील एकाच जागेपाशी येऊन मिळावे, हे पाहून मन थक्क होते. पुढे २००५ साली नॉड उंदरांच्या इन्सुलिनमधील एकच अमिनो आम्ल बदलले, तेव्हा त्या उंदरांना मधुमेह झालाच नाही. टी-पेशींच्या पुढ्यात पेश होणारा मूळ कागद इन्सुलिनचाच होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

येथपर्यंतची हकिकत ऐकून कोणीही म्हणेल की, थायमसच्या परीक्षेतून निसटलेली एक टी-पेशी इन्सुलिनला ओळखते, म्हणून रोग होतो. मलाही प्रथम असेच वाटले होते. पण निरोगी माणसांच्या रक्तातही इन्सुलिन व बीटा पेशींची इतर प्रथिने ओळखणाऱ्या टी-पेशी सापडतात. त्या माझ्याही रक्तात असतील आणि वाचकांच्याही. त्या आयुष्यभर भ्रमण करीत राहतात आणि काही करीत नाहीत. एकाच जनुकसंचाचे दोन जुळे भाऊ असले आणि एकाला हा रोग झाला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. तेव्हा खरा प्रश्न ओळखीचा नाही. ओळख पटल्यानंतर हुकूम सुटतो की नाही, हा आहे.

जुन्या काळी जिल्ह्याच्या खजिन्याला दोन कुलपे असत. एक किल्ली अंमलदाराच्या कमरेला आणि दुसरी खजिनदाराच्या, आणि दोघे एका वेळी हजर झाल्याखेरीज पेटी उघडत नसे. टी-पेशीचा कारभार नेमका असाच आहे. पहिली किल्ली म्हणजे वर सांगितलेला ग्राही. त्याची पेशीच्या आत डोकावणारी शेपटी इतकी आखूड असते की तिला स्वतःला आत निरोप पोचविता येत नाही. हे काम त्याला चिकटून उभी असलेली सीडी-३ संकुलातील प्रथिने करतात, ज्यांच्या लांब शेपट्यांवर दहा ठराविक खुणा असतात. ग्राहीची पकड काही क्षण टिकली की एलसीके नावाचे विकर त्या खुणांवर फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का पाहून झॅप-७० हे दुसरे विकर तेथे येऊन बसते आणि पुढील प्रथिनांवर शिक्के मारू लागते. पेशीत कॅल्शियमचा लोंढा उसळतो, कॅल्सिन्यूरिन जागे होते, आणि अखेर केंद्रकातील जनुकांपर्यंत वर्दी जाते. ही सारी शिक्क्यांची साखळी काही मिनिटांच्या आत पुरी होते. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे औषध देऊन कॅल्सिन्यूरिनपाशीच ही वर्दी अडविण्याचा प्रयत्न झाला. काही रुग्णांचे इन्सुलिन खरोखर काही काळ सुटले, पण औषध थांबताच रोग परतला आणि औषध चालू ठेवावे तर मूत्रपिंडांना इजा होण्याचे भय. त्या प्रयत्नाला अपयश म्हणावयास मी तयार नाही. हा रोग टी-पेशींचा आहे आणि तो रोखता येतो, हे जिवंत माणसांत तेव्हा दिसून आले.

दुसरी किल्ली म्हणजे सीडी-२८. कागद पेश करणारी पेशी खरोखरच संकटाच्या प्रसंगी, जंतूंच्या सान्निध्यात, सावध झालेली असेल तर तिच्या अंगावर सीडी-८० व सीडी-८६ ही प्रथिने उगवतात, आणि त्यांना सीडी-२८ ने स्पर्श केला की मगच टी-पेशी वाढू लागते, विभागते, लढाईस निघते. केवळ पहिली किल्ली फिरली आणि दुसरी फिरलीच नाही, तर पेशी लढत नाही. इतकेच नव्हे तर ती पुष्कळदा बधिर होऊन पुढच्या वेळीही हलत नाही. निरोगी माणसाच्या अंगातील इन्सुलिन ओळखणाऱ्या पेशी गप्प का बसतात याचे एक उत्तर येथे मिळते: त्यांना ओळखीचा कागद दिसतो, पण धोक्याचा दाखला मिळत नाही.

आणि किल्ली फिरविणाऱ्याचा हात धरणाराही एक आहे. सीटीएलए-४ हे प्रथिन सीडी-२८ चे जवळचे नातलग, पण वृत्तीने उलट. चेतलेल्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर ते थोड्या वेळाने येते, सीडी-८० व सीडी-८६ यांना सीडी-२८ हून कितीतरी घट्ट पकडते, आणि त्यांना समोरच्या पेशीच्या अंगावरून ओरबाडून आपल्या पेशीत ओढून नेते. १९९५ साली दोन प्रयोगशाळांनी हे प्रथिन नसलेले उंदीर जन्माला घातले. तीन-चार आठवड्यांत त्यांचे हृदय, स्वादुपिंड, यकृत लसीका-पेशींनी भरून जाऊन ते मेले. एक प्रथिन नाही, एवढ्याने संपूर्ण देह आपल्याच सैन्याच्या पायाखाली तुडविला जातो! माणसात या प्रथिनाच्या जनुकातील एक सर्वसाधारण फेरबदल बालपणीच्या मधुमेहाशी आणि गळ्यातील अवटू ग्रंथीच्या स्वप्रतिकारजन्य रोगांशी निगडित असल्याचे २००३ साली दाखविण्यात आले. तो फेरबदल दोष म्हणावा इतका मोठा नाही; कोट्यवधी निरोगी माणसे तो बाळगून असतात. परंतु खाच तशी, थायमसमधील नमुना कमी, आणि त्यातून हात धरणारा किंचित दुबळा, असे योग एकत्र आले की तराजूचे पारडे झुकते.

सर्वांत अधिक बोध मला झाला तो पीडी-१ या प्रथिनाच्या हकिकतीने. क्योटो येथे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली ते सापडले. टी-पेशी दीर्घकाळ लढत राहिली की तिच्या अंगावर पीडी-१ येते, आणि हल्ला होत असलेल्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर त्याचे जोडप्रथिन पीडी-एल-१ उभारले की टी-पेशीचा हात सैल पडतो. वेढ्यात सापडलेल्या बीटा पेशी हेच करताना आढळल्या आहेत. आपले इन्सुलिन करण्याचे काम चालू ठेवून, सभोवार मारेकरी उभे असताना, त्या पेशी अंगावर पांढरे निशाण फडकवितात, असेच मला ते वाटले. २००३ साली बोस्टनच्या संशोधकांनी नॉड उंदरांत पीडी-१ ची ही वाट बंद करून पाहिली: उंदीर एक आठवड्याचा असो की दहा आठवड्यांचा, त्याला झपाट्याने मधुमेह झाला. सीटीएलए-४ बंद केले तेव्हा मात्र केवळ नवजात उंदरांतच रोग उद्भवला. म्हणजे एक प्रथिन लढाईचा आरंभ अडविते, आणि दुसरे चालू असलेली लढाई रोज, प्रत्येक दिवशी, आवरून धरते. ज्या उंदराला अद्याप मधुमेह झालेला नसतो त्याच्या स्वादुपिंडात शांतता असते असे नाही. तेथे तहाची रोजची वाटाघाट चालू असते.

हेच पुढे माणसांत, कोणीही तसा हेतू धरला नसताना, दिसून आले. कर्करोगाच्या गाठीसुद्धा पीडी-एल-१ चे निशाण दाखवून टी-पेशींना परतवितात. ते निशाण झाकणारी औषधे २०१४ पासून रुग्णांना मिळू लागली, त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले, आणि त्या मार्गाचे जनक म्हणून होन्जो व अमेरिकेतील जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे एकाला, साठी-सत्तरीच्या वयात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, आमच्या शेजारच्या मुलीला झाला तसाच मधुमेह होतो. त्याच खोल श्वासांनी, तशाच अर्धवट शुद्धीत ते रुग्णालयात येतात. सत्तर वर्षे ज्या टी-पेशी त्यांच्या अंगात निमूट होत्या त्यांना धरून ठेवणारा एक हात सुटला, एवढेच घडले. ही गोष्ट मी त्या मुलीच्या आईला सांगितली तेव्हा ती प्रथमच थोडी सावरल्यासारखी दिसली. सत्तर वर्षांच्या त्या आजोबांना काही त्यांच्या आईने गोड जास्त दिले नव्हते.

हात धरण्याचेच काम ज्यांनी पत्करले आहे अशा नियामक टी-पेशींविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे इतकेच सांगतो की, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-२५ या प्रथिनाची दाटी असते, १९९५ साली शिमोन साकागुची यांनी त्या खुणेवरून त्यांना वेगळे ओळखले, आणि ज्या अर्भकांत फॉक्सपी-३ या जनुकाच्या दोषामुळे या पेशी कामाच्या राहत नाहीत त्यांना जन्मानंतर काही आठवड्यांतच मधुमेह होऊ शकतो. साकागुची, मेरी ब्रुनकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच कार्यासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता उपचाराकडे वळू. ओळखीच्या किल्लीला लगटून असणाऱ्या सीडी-३ वर बसणारे एक प्रतिपिंड १९८६ पासून मूत्रपिंडरोपणात वापरले जात होते. पण ते टोचताच टी-पेशी एकदम खवळून रुग्णाला थंडी-तापाने बेजार करीत. १९९४ साली पॅरिस येथे ल्युसिएन शातनू आणि जाँ-फ्रांस्वा बाख यांनी तशाच प्रतिपिंडाचा अल्पकाळ उपचार नव्याने मधुमेह झालेल्या नॉड उंदरांवर केला, आणि त्यांतील बहुतेकांचा मधुमेह हटला. तो उपचार संपल्यानंतरही हटलेलाच राहिला. मग या प्रतिपिंडाचे शेपूट बदलून, ते दुसऱ्या पेशींना चिकटणार नाही अशी तजवीज करून, टेप्लिझुमॅब हे औषध तयार झाले. ते टी-पेशींना सरसकट मारीत नाही. सीडी-३ मार्गे ते एक अर्धवट, रेंगाळता निरोप देत राहते, आणि त्या निरोपाने मारेकरी टी-पेशी थकलेल्या पेशींची लक्षणे धारण करतात, हात आवरणारी प्रथिने अंगावर वागवू लागतात. ज्या तारेवरून हल्ल्याचा हुकूम जात असे, त्याच तारेवरून आता विश्रांतीचा हुकूम जातो.

या औषधाची मोठी कसोटी २०१९ साली प्रसिद्ध झाली. मधुमेह असलेल्यांचे ७६ नातलग निवडले होते. त्यांच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धची दोन किंवा अधिक प्रतिपिंडे होती, साखरेचे मान किंचित बिघडले होते, पण रोग अद्याप प्रकट झालेला नव्हता. ४४ जणांना चौदा दिवस रोज शिरेतून औषध दिले, ३२ जणांना नुसते सलाईन. सलाईन मिळालेल्यांत निम्म्या जणांना मधुमेह होण्यास सुमारे चोवीस महिने लागले, औषध मिळालेल्यांत सुमारे अठ्ठेचाळीस. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्यास आठ वर्षांच्या व त्यावरील अशा व्यक्तींसाठी परवाना मिळाला. दोन वर्षे म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. त्याने नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी एक रात्र काढावी. रात्री दोन वाजता गजर लावून उठावयाचे, झोपलेल्या पोरीचे बोट हातात घ्यावयाचे, साखर सत्तरच्या खाली गेली असली तर तिला अर्धवट झोपेतच साखरपाणी पाजावयाचे, आणि उजाडल्यावर किती भाकरीला किती मात्रा याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावयाचा. अशा सातशेतीस रात्री एखाद्या घराला माफ होत असतील, तर ती माफी मला फार मोलाची वाटते.

पण या माफीसाठी अर्ज वेळेवर करावा लागतो, आणि येथेच आपल्याकडील अडचण आहे. रोग प्रकट झाल्यावरच मूल डॉक्टरांकडे येते; तोपर्यंत बेटे पुष्कळ अंशी ओसाड झालेली असतात. शिवाय कोणाचा मधुमेह कोणत्या जातीचा, हेही भारतात नेहमी सोपे नसते, कारण येथे कृश शरीराच्या तरुणांनाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांतील संशोधकांनी २०२० साली दाखविले की, युरोपीय लोकांच्या जनुकांवरून बनविलेले जोखीम-गुणांक भारतीय रुग्णांतही हे दोन रोग वेगळे ओळखण्यास उपयोगी पडतात, मात्र काही जनुकांचे वजन आपल्याकडे वेगळे दिसते. या दिशेने होणारे काम वाढले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. कारण दुसऱ्यांच्या नकाशावरून आपली बेटे फार काळ शोधता येणार नाहीत.

शेजारच्या मुलीला पाच वर्षांचा एक भाऊ आहे. आईने हट्ट धरल्यावरून आषाढात त्याचे रक्त तपासावयास पाठविले. चार प्रतिपिंडांपैकी एक आढळले, तीन नाहीत. दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तर मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो. एकच असेल तर शंभरातून सुमारे पंधरांना. म्हणजे त्याच्या स्वादुपिंडात कोणीतरी कागद वाचला आहे, पण पेटी उघडलेली नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे असे सांगितले आहे, आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पौषातल्या एका तारखेभोवती त्या माउलीने लाल पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवले आहे. तो मुलगा मात्र रोज संध्याकाळी ताईची सुई टोचून झाली की कापसाचा बोळा आणून देतो, आणि ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नाही.